गिधाडाचे खाते

मराठीत कोणाची स्तुती करावयाची असेल तर हंस, सिंह, मोर आणि गाय यांची नावे सहज ओठांवर येतात. हंसाचा विवेक, सिंहाचे धैर्य आणि गायीचा गरीब स्वभाव यांचे दाखले पिढ्यान् पिढ्या दिले जातात. निंदा करावयाची झाली की मात्र गिधाड आठवते. वडिलोपार्जित वाड्यावर नजर ठेवून बसलेले नातलग असोत, अडलेल्या शेतकऱ्याची जमीन पडत्या भावात घेणारा सावकार असो, की बुडत्या पेढीभोवती घुटमळणारे खरेदीदार असोत, लोकभाषेने या सर्वांना ‘टपलेली गिधाडे’ हीच एक उपमा दिली आहे. प्रत्यक्षात आपल्याकडचे गिधाड सहसा कोणाचा जीव घेत नाही. ज्याचा प्राण आधीच गेला आहे, त्याच्यावरच त्याची उपजीविका चालते. तरीही बदनामी त्याच्याच वाट्याला आली, कारण त्याचे रूप माणसाला आवडत नाही आणि त्याचे काम माणसाला पाहवत नाही.

भाषेतील हा पक्षपात वरवर निरुपद्रवी वाटतो. परंतु त्यामागे एक खोल सवय आहे. माणूस स्वतःला केंद्रस्थानी ठेवतो आणि भोवतालच्या प्रत्येक जिवाला दोन प्रश्न विचारतो. हा जीव माझ्या उपयोगाचा आहे काय, आणि तो मला आवडतो काय? दोन्हींचे उत्तर नकारार्थी आले की त्या जिवाचे नाव वहीत लिहिण्याचीही गरज त्याला वाटत नाही. या सवयीची किंमत काय असू शकते, हे भारतातील गिधाडांच्या गेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या इतिहासाने दाखवून दिले आहे. हा इतिहास क्रूरतेचा नाही, हे त्याचे वैशिष्ट्य होय. त्याची सुरुवात एका दयेच्या कृतीतून झाली.

बिनपगारी व्यवस्था

पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांना गावाबाहेरची मेलेली जनावरे टाकण्याची जागा आठवत असेल. जनावर तेथे नेऊन टाकले की थोड्याच वेळात आकाशात एक ठिपका दिसू लागे. एक गिधाड खाली उतरताना पाहून दुसरे उतरे, दुसरे पाहून तिसरे, आणि पाहता पाहता शे-दीडशे पक्षी जमत. कातडे आधीच उतरवून नेलेले असे. उरलेले मांस गिधाडांचा मोठा थवा तासाभरात संपवी. मागे राहिलेली स्वच्छ हाडे वेचणारे लोक ती गोळा करून खताच्या कारखान्यांना विकत. सडण्यास काही उरत नसे, दुर्गंधी पसरत नसे आणि रोगजंतूंना वाढण्यास अवधी मिळत नसे. गिधाडाच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की फाशीसारख्या रोगाने मेलेल्या जनावराचे मांसही ते पचवू शकते.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशातील गायी-म्हशींची संख्या तीस कोटींहून अधिक आहे. इतक्या जनावरांपैकी दरवर्षी मरणाऱ्यांची विल्हेवाट लावणे हे केवढे मोठे काम असेल, याची कल्पना व्यापारी मनास लगेच येईल. हे काम गिधाडे करीत होती. त्यासाठी कोणत्याही नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात तरतूद नव्हती की कोणत्याही ग्रामपंचायतीच्या दप्तरात खर्चाची नोंद नव्हती. जे फुकट मिळते त्याचे खाते कोणी उघडत नाही.

त्या काळी पांढऱ्या पाठीचे गिधाड हा जगात सर्वाधिक संख्येने आढळणाऱ्या मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकी एक मानला जात असे. लांब चोचीचे आणि निमुळत्या चोचीचे गिधाड या त्याच्या दोन भाऊबंदांचीही संख्या मोठी होती. हे पक्षी कधी नाहीसे होतील, असे कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते.

दयेतून आलेले विष

डायक्लोफेनॅक हे वेदना आणि सूज कमी करणारे औषध आहे. माणसांसाठी ते दीर्घकाळ वापरात होते. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्याच्या पेटंटची मुदत संपली, अनेक उत्पादक पुढे आले, किंमत उतरली आणि ते जनावरांसाठीही मुबलक मिळू लागले. लंगडणारा बैल, कासेला सूज आलेली गाय, प्रसूतीनंतर उठू न शकणारी म्हैस, सर्वांना एका इंजेक्शनने आराम पडे. शेतकऱ्याने ते दिले, पशुवैद्याने दिले आणि वृद्ध, अपंग जनावरांना आश्रय देणाऱ्या संस्थांनीही दिले. मुक्या जनावराचे दुःख हलके व्हावे, हाच त्यामागील हेतू होता.

त्याच दशकाच्या अखेरीस राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांना एक विलक्षण गोष्ट दिसून आली. जेथे पूर्वी गिधाडांची शेकडो घरटी असत, तेथे झाडे ओस पडू लागली होती. जे पक्षी दिसत ते मान खाली टाकून तासन् तास बसून राहत आणि मग फांदीवरून कोसळत. प्रथम एखाद्या साथीच्या रोगाचा संशय घेतला गेला. कीटकनाशकांचाही विचार झाला. खरे कारण शेजारच्या पाकिस्तानात सापडले. पशुवैद्यक शास्त्रज्ञ लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत गिधाडांची तपासणी केली, तेव्हा त्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली आणि आतील अवयवांवर युरिक ॲसिडचे पांढरे थर साचलेले आढळले. त्या सर्व पक्ष्यांच्या शरीरात डायक्लोफेनॅक होते. हे संशोधन २००४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

गायीला आराम देणारे औषध गिधाडाच्या मूत्रपिंडांना सोसत नव्हते. औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत जनावर मेले आणि त्याचे मांस गिधाडांनी खाल्ले, तर ते पक्षी दोन-तीन दिवसांत मरत. एका कलेवरावर शंभर पक्षी जेवतात, म्हणून एक इंजेक्शन शंभर जिवांपर्यंत पोहोचू शकत होते. शंभर कलेवरांपैकी एकाहूनही कमी कलेवरांत मारक मात्रा असली, तरी एवढा संहार होऊ शकतो, असे गणिताने सिद्ध झाले. प्रत्यक्षात २००४-०५ मध्ये देशाच्या विविध भागांतून घेतलेल्या नमुन्यांपैकी सुमारे दहा टक्के नमुन्यांत हे औषध सापडले. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू प्रजननक्षम होण्यास पाच-एक वर्षे लागतात. ज्या पेढीची आवक इतकी मंद आहे, तिचे मुद्दल इतक्या वेगाने खर्ची पडू लागले तर ती सावरणार कशी? १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक उरली. लांब आणि निमुळत्या चोचीच्या गिधाडांपैकी शंभरातील सुमारे सत्त्याण्णव नाहीशी झाली.

उशिरा मांडलेला हिशेब

गिधाडे गेली, पण जनावरे मरावयाची थांबली नाहीत. कलेवरे गावाबाहेर सडू लागली. काही जलप्रवाहांजवळ टाकली गेली. जे अन्न गिधाडे संपवीत असत त्यावर भटक्या कुत्र्यांची संख्या वाढली. यात कुत्र्यांचा दोष नाही. अन्न मिळाले की कोणताही जीव वाढतो. परंतु त्यांच्याबरोबर चाव्यांचे प्रमाण आणि रेबीजचे भय वाढले. पारशी समाजाला तर आपल्या अंत्यविधीचाच पेच पडला. मुंबईच्या मलबार हिलवरील दोखम्यांत हजारो वर्षांची परंपरा जे पक्षी चालवीत होते, ते आकाशातून नाहीसे झाले, आणि सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसविण्याची वेळ आली.

एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी या नुकसानीचा ताळेबंद मांडण्याचा प्रयत्न केला. ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडांना अनुकूल परिस्थिती होती आणि ज्या जिल्ह्यांत ती नव्हती, अशांची तुलना त्यांनी केली. गिधाडे नष्ट झाल्यानंतर पहिल्या प्रकारच्या जिल्ह्यांत माणसांच्या मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांहून अधिक वाढले होते. रेबीजप्रतिबंधक लशींची विक्री वाढली होती आणि पाण्याचा दर्जा खालावला होता. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख अधिक माणसे दगावली असावीत, आणि या जीवितहानीचे मूल्य वर्षाला सुमारे ६९ अब्ज डॉलर होते, असा त्यांचा अंदाज आहे. हा अभ्यास २०२४ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

हा आकडा वाचून मन हादरते. गिधाड वाचविले पाहिजे, असे ज्यांना कधी वाटले नव्हते त्यांनाही आता ते वाटू लागेल. धोरणे ठरविणाऱ्यांपुढे असा आकडा ठेवणे आवश्यकच असते, म्हणून या अभ्यासाचे मोल मोठे आहे.

ज्याची नोंद झाली नाही

तरीही हा ताळेबंद सावकाश वाचला की एक गोष्ट ध्यानात येते. पाच लाख माणसांचे मृत्यू त्यात आहेत, लशींचा खर्च आहे, दूषित पाणी आहे. परंतु मूत्रपिंडे निकामी होऊन फांद्यांवरून कोसळलेल्या लक्षावधी पक्ष्यांच्या स्वतःच्या मृत्यूची किंमत त्यात शून्य धरली आहे. गिधाड मेले म्हणून माणसाचे काय बिघडले, एवढेच तेथे मोजले आहे. अर्थशास्त्राची पद्धतच तशी आहे आणि अभ्यासकांनी ती लपविलेली नाही. मात्र वाचणाऱ्याने हे विसरता कामा नये.

उपयुक्ततेच्या या मोजमापात दुसरा एक दोष आहे आणि तो निव्वळ व्यवहाराचा आहे. उपयोग बहुतेक वेळा वस्तू गमावल्यानंतर कळतो. १९९० मध्ये कोणी गिधाडाचे मूल्यमापन केले असते तर त्याच्या नावापुढे काय लिहिले गेले असते? कुरूप, दुर्गंधीयुक्त, विमानांना धडकणारा पक्षी. जो जीव आज निरुपयोगी दिसतो तो खरोखर निरुपयोगी आहे, की त्याचा उपयोग आपल्याला अद्याप कळलेला नाही, हे सांगण्याइतके ज्ञान माणसाजवळ नाही. केवळ उपयोग पाहून जीव राखावयाचे ठरविले, तर ज्यांचा उपयोग अज्ञात आहे ते सारे जीव वाऱ्यावर सोडले जातील. याउलट प्रत्येक जिवाला जगण्याचा हक्क त्याच्या जिवंतपणामुळेच आहे असे मानले, तर आपल्या अज्ञानाचे परिणामही काही अंशी आवरले जातात.

जैन परंपरेने जिवांची विभागणी केली आहे, पण ती उपयुक्ततेवर आधारलेली नाही. इंद्रियांच्या संख्येवर, म्हणजे सुखदुःख जाणण्याच्या क्षमतेवर ती आधारलेली आहे. या मांडणीत गाय आणि गिधाड एकाच पायरीवर आहेत. दोन्ही तिर्यंच पंचेंद्रिय आहेत. एक दूध देते आणि दुसरे देत नाही, याने त्यांची पायरी बदलत नाही. मनुष्यजन्माला या परंपरेत निराळे स्थान आहे हे खरे, परंतु ते संयमाच्या सामर्थ्यामुळे आहे. इतर जिवांची मालकी त्याला दिलेली नाही.

विमलसूरींच्या ‘पउमचरिय’ या प्राकृत रामायणातील जटायूची कथा या दृष्टीने मुद्दाम स्मरणात ठेवण्याजोगी आहे. दंडकारण्यात राम आणि सीता दोन मुनींना आहारदान करीत असताना एक गिधाड तेथे येते. त्याला पूर्वजन्माचे स्मरण होते, ते मुनींच्या चरणी पडते आणि श्रावकाची व्रते स्वीकारते. लोकभाषेत जो पक्षी लोभाचे प्रतीक ठरला, त्याला या कथेने व्रती श्रावकाच्या पंक्तीत बसविले आहे. ज्या पूर्वसूरींनी हे लिहिले, त्यांनी गिधाडाकडे पाहताना आवडी-निवडीचा चष्मा बाजूला ठेवला होता.

नकळत आणि जाणूनबुजून

२००४ पर्यंत जे घडले ते अज्ञानातून घडले. गायीला इंजेक्शन देणाऱ्याला गिधाडाचा मृत्यू दिसत नव्हता आणि दिसणे शक्यही नव्हते. परंतु अहिंसेचा विचार हेतूपाशी थांबत नाही. प्रमाद, म्हणजे असावधपणा, हेही हिंसेचे मूळ मानले आहे, आणि म्हणूनच यतनेला, सावधपणे वागण्याला, इतके महत्त्व आहे. कारण कळल्यानंतरच्या काळाचा विचार या निकषावर करावा लागेल.

भारत सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. त्याच वर्षी नेपाळ आणि पाकिस्ताननेही तसे केले. मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषध गिधाडांना अपायकारक नाही, हेही २००६ मध्येच चाचण्यांतून स्पष्ट झाले. येथे प्रश्न सुटावयास हवा होता. परंतु माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक तीस मिलिलिटरच्या मोठ्या बाटल्यांत मिळत राहिले. माणसाला एका वेळी एवढे औषध कधीच लागत नाही. ही बाटली कोठे जात होती, हे विकणारा आणि घेणारा या दोघांनाही कळण्यासारखे होते. मेलॉक्सिकॅम सुरुवातीला महाग होते आणि डायक्लोफेनॅक हाताशी होते, एवढेच त्यामागील कारण होते. २०१५ मध्ये सरकारने हे इंजेक्शन तीन मिलिलिटरच्या एकवेळच्या मात्रेतच विकण्याचा नियम केला. आणखी काही वेदनाशामके तितकीच घातक असल्याचे पुढे दिसून आले. ॲसिक्लोफेनॅक तर गायीच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकमध्येच रूपांतरित होते. २०२३ मध्ये ते आणि केटोप्रोफेन, तर त्यानंतर निमेसुलाइड, जनावरांसाठी निषिद्ध ठरले.

१९९८ मध्ये दिलेले इंजेक्शन आणि आज दिलेले इंजेक्शन यांत औषध तेच आहे. पण पहिले देणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि दुसरे देणाऱ्याला, विकणाऱ्याला किंवा मंजूर करणाऱ्याला ठाऊक असू शकते. ठाऊक करून घेण्याची तसदी न घेणे हाच प्रमाद होय.

पांजरपोळ आणि औषधांची पेढी

हा विषय व्यापारी जैन कुटुंबांपासून दूरचा नाही. औषधांच्या घाऊक आणि किरकोळ व्यापारात या समाजाची मोठी गुंतवणूक आहे. पांजरपोळांचे विश्वस्त आणि देणगीदारही याच घरांतून येतात. मुंबईचा पांजरपोळ १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने उभा राहिला, तो भटकी कुत्री आणि डुकरे यांना इंग्रज सरकारच्या गोळ्यांपासून वाचविण्यासाठी. ती जनावरे दूध देणारी नव्हती की कोणाला प्रियही नव्हती. उपयोग न विचारता जीव राखावा, हीच त्या संस्थेची मूळ प्रेरणा होती. तिचा हात गिधाडापर्यंत पोहोचविणे म्हणजे काही नवे करणे नव्हे.

पांजरपोळात आणि गोशाळेत वृद्ध, आजारी जनावरे अधिक असतात, म्हणून तेथे वेदनाशामकांचा वापर अधिक होतो आणि मृत्यूही अधिक होतात. विश्वस्तांच्या बैठकीत एक ठराव करता येईल. वेदनेवर पशुवैद्याच्या सल्ल्याने केवळ मेलॉक्सिकॅमसारखे गिधाडांना सुरक्षित औषध वापरावे, औषध खरेदीची बिले वर्षातून दोनदा तपासावीत, प्रत्येक जनावराला दिलेल्या औषधाची तारीखवार नोंद ठेवावी, आणि ज्याच्यावर अन्य वेदनाशामकाचा उपचार झाला असेल ते कलेवर उघड्यावर न टाकता पुरावे. जनावराच्या उपचारात यामुळे काहीही उणे पडत नाही. औषधविक्रेत्याने माणसांचे डायक्लोफेनॅक जनावरासाठी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला नकार देऊन पर्यायी औषध पुढे करावे. त्यात बुडणारा नफा किरकोळ आहे.

दरम्यान काही हात कामाला लागलेले आहेत. हरियाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि राज्याचा वनविभाग यांनी गिधाडांचे प्रजनन केंद्र चालविले आहे. त्याला जटायूचेच नाव आहे. रायगड जिल्ह्यातील म्हसळा तालुक्यात चिरगावच्या परिसरात ग्रामस्थांच्या साह्याने गिधाडांची घरटी राखली गेली. नाशिक जिल्ह्यात हरसूलच्या बाजूस आणि गडचिरोलीत त्यांच्यासाठी सुरक्षित मांसाची ‘गिधाड उपाहारगृहे’ उभी राहिली. २०२४ च्या जानेवारीत पिंजोरहून वीस गिधाडे महाराष्ट्रात आणली गेली. त्यांतील लांब चोचीची दहा पेंचला आणि पांढऱ्या पाठीची दहा ताडोबाला गेली, आणि पुढे त्यांना मोकळे सोडण्याचा उपक्रम सुरू झाला.

मोकळे सुटलेले गिधाड अन्नाच्या शोधात एका दिवसात शंभर किलोमीटरही जाऊ शकते. अभयारण्याची सीमा त्याला ठाऊक नसते. त्या विस्तीर्ण प्रदेशात कोठेतरी एक गाय आजारी पडलेली असेल, कोणीतरी दयेने तिच्यासाठी औषध आणावयास गेलेले असेल, आणि दुकानदाराने फळीवरून एक बाटली काढून दिली असेल. ती गाय वाचली नाही तर त्या बाटलीवर कोणते नाव होते, यावर वरून उतरणाऱ्या पक्ष्याचे आयुष्य अवलंबून राहील.